दोन फटी सोडून सगळं आकाश

त्या दिवशी दुपारी शाळेचा शिपाई वाचनालयात आला. तो म्हणाला, सर वर्गात पडले. मी त्याच्याबरोबर निघाले. आम्ही सिव्हिल हॉस्पिटलला पोचलो तेव्हा माझे पती गेलेले होते. एका कागदावर माझी सही घेतली. संध्याकाळी त्यांना घरून नेलं.

त्यांना नेल्यावर बायका मला आत घेऊन आल्या. माजघरातल्या टेबलावर त्यांचे कागद सकाळी होते तसेच पसरलेले होते. दोन्ही कडांना भोकांची रांग असलेले, एकमेकांना जोडलेले, संगणकावर छापलेले कागद. त्यांवर आकड्यांशिवाय काही नव्हतं. कोणीतरी ते गोळा करून बाजूला ठेवू लागलं. मी म्हटलं, राहू देत. त्या दिवसात मी बोललेलं एवढंच आठवतं.

त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही. इथंही त्यांचं नाव लिहीत नाही, आणि बाकीच्यांचंही नाही. ते विज्ञानाचे शिक्षक होते. मी वाचनालयात पुस्तकं देत-घेत असे. आम्हा दोघांनाही फार बोलायची सवय नव्हती. बोलायचो ते या कागदांबद्दल.

त्र्याऐंशी साली तीन देशांनी मिळून एक उपग्रह सोडला होता. त्याचं नाव इंग्रजी आद्याक्षरांचं होतं. आमच्या घरात त्याला नुसता उपग्रह म्हणत. त्याच्यावर दुर्बीण होती, पण ती डोळ्यांना दिसणारा उजेड पाहत नव्हती. ती ऊब पाहत होती. ताऱ्यांच्या मधल्या अंधारात धूळ पसरलेली असते, त्या धुळीची थोडीशी ऊब. असं सगळं आकाश तिनं पट्ट्यापट्ट्यांनी पाहिलं, आणि पुढे ती माहिती सगळ्यांसाठी खुली केली. मागेल त्याला मिळे. या एका गोष्टीनं हे हरखून गेले होते.

"अगं, रत्नागिरीचा मास्तर मागतोय आणि ते देतायत," ते पुन्हा पुन्हा म्हणत.

त्यांनी ती परस्पर परदेशातून मागवली नव्हती. त्यांच्याबरोबर शिकलेले एक मित्र मुंबईला संशोधन संस्थेत होते. त्यांच्याकडे ती माहिती आली होती. मूळचे आकडे लांबलचक होते, मित्रानं ते शून्य ते नऊ अशा पायऱ्यांवर बसवून दिले. सगळं आकाश एका लांबट चौकोनात मांडलेलं, आणि चौकोनाच्या प्रत्येक बारीक घरात एक आकडा. पार्सल आलं त्या दिवशी मी कागद उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "अहो, पण याचं करायचं काय?"

"बघायचं."

"आकडे?"

"आकडेच. चित्र दाखवलं की लोक छान म्हणतात आणि उठतात. आकडे दिले की बसतात."

आमच्याकडे पावसाचे चार महिने आकाश नसतंच. बाकीचे दिवस मुलांना रात्री शाळेत बोलवायचं म्हणजे पालकांची परवानगी, मुलींना कोण पोचवणार, वीज, कुत्री. हे वर्षानुवर्षं त्याला वैतागले होते. उपग्रहाच्या आकड्यांना रात्र लागत नव्हती. भर दुपारी, पाऊस धो धो चालू असताना, वर्गात बसून आकाश पाहता येणार होतं. फक्त कसं, ते त्यांना सुचत नव्हतं.

ते सुचलं आमच्या पायरीवर. कसल्याशा सणाला मी रांगोळी घालत होते. उदबत्तीनं भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद जमिनीवर ठेवला, वरून पांढरी पूड फिरवली, कागद उचलला. खाली ठिपक्यांच्या सरळ ओळी. हे चहाची कपबशी घेऊन मागे उभे होते.

"हा कागद तू किती वर्षं वापरतेस?"

"आईनं दिलाय."

चहा त्यांनी तसाच ठेवला आणि आत जाऊन आकड्यांचे कागद घेऊन आले.

पहिला प्रयोग आमच्याच घरापुढच्या खळ्यात झाला. शेजारच्या काकूंना बोलावलं. सगळ्या आळीत रांगोळीला त्यांचा हात. साठीच्या होत्या, पण गुडघे मोडून तासन्‌तास बसत. ह्यांनी रंग ठरवले होते: शून्य आणि एक म्हणजे निळा, मग हिरवा, पिवळा, केशरी, तांबडा, आणि सगळ्यात जास्त ऊब तिथं पांढरा. ते आकडा वाचत आणि काकू ठिपक्याभोवतीचं घर भरत. आकाशगंगेचा एक तुकडा होता. वरचा अर्धा झाला, मधला पांढरा-तांबडा पट्टा झाला. मग ह्यांच्या लक्षात आलं की आपण वाचायच्या आधीच काकू भरतायत.

"काकू, मी अजून वाचलं नाही."

"वाचायला कशाला हवं? वर जे, तेच खाली. दोन्ही बाजू जुळायला नकोत?"

"आकाश जुळत नाही हो."

"मग चुकलंय तुमच्या आकाशाचं," काकू म्हणाल्या आणि हात झटकून उठल्या. "मी नीट करून दिलंय, ठेवा."

हे इतके हसले की शेवटी काकूही हसल्या. मग त्यांनी खालचा अर्धा पुसला आणि आकड्यांप्रमाणे पुन्हा भरला. भरताना म्हणत राहिल्या की अशी वेडीवाकडी रांगोळी त्यांनी जन्मात काढलेली नाही. झाल्यावर मात्र बराच वेळ कंबरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या.

त्या तुकड्यात वरच्या कडेजवळ एक अरुंद पट्टी होती. तिथं आकड्यांऐवजी आडव्या रेघा छापलेल्या होत्या. संबंध आकाशात अशा दोन फटी होत्या. काकूंनी विचारलं, इथं निळा घालू का?

"नाही. निळा म्हणजे शून्य. शून्य म्हणजे बघितलं आणि काही सापडलं नाही. रेघ म्हणजे बघितलंच नाही. ती जागा मोकळी सोडायची."

"जमीन दिसेल खालची."

"दिसू दे."

त्यानंतर दीडेक वर्ष ते सुट्टीच्या दिवशी पिशव्या घेऊन फिरले. मी बहुतेक वेळा बरोबर असे. एका पिशवीत कागद, दोन पिशव्यांत रंग. एसटीचा कंडक्टर पिशवी उचलून म्हणायचा, "काय मास्तर, सिमेंट नेताय?" पोफळीला वीजघराच्या वसाहतीत गेलो, जयगडला गेलो, आतल्या गावांतल्या शाळांतून गेलो. जिथं जाऊ तिथं आकाशाचा एकच तुकडा काढून व्हायचा. सगळ्यांनी मिळून भरायचा, ह्यांनी त्यावर बोलायचं, आणि मग झाडून घ्यायचं. पोफळीला एका बाईंनी विचारलं होतं की झाडायचंच होतं तर काढलं कशाला. हे म्हणाले, रोज सकाळी दारात काढता ती कशाला काढता? बाई म्हणाल्या, ते वेगळं.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते मिरकरवाड्याचं. बंदराजवळच्या शाळेत दुपारी बायका जमल्या होत्या, मासळीचा लिलाव आटोपून आलेल्या. ह्यांनी दुर्बिणीचं सांगायला सुरुवात केली. जी दुर्बीण दुसऱ्याची ऊब बघते ती स्वतः गरम असून चालत नाही. म्हणून तिला एका फार थंड द्रवात बुडवून वर पाठवली होती. तो द्रव हळूहळू उडून जात होता. दहा महिने पुरला. एवढं सांगून ते थांबले आणि बाहेर बर्फाच्या गाडीकडे त्यांनी बोट दाखवलं.

पुढं बसलेली एक मावशी म्हणाली, "म्हंजे बर्फ सरला."

"हो. बर्फ सरला. म्हणून दोन पट्ट्या बघायच्या राहिल्या."

"मग बोट फिरली परत."

"नाही फिरली. ती वरच आहे. अजून फेऱ्या मारतेय. पण तिला आता काही दिसत नाही."

"आनि आनायला कोन नाय गेला?"

"इतक्या लांब कोण जाणार, मावशी?"

"आमच्यात असा सोडत नाय," ती म्हणाली.

मागून दुसरी म्हणाली, "तुज्या घोवाला तर सोडून आले व्हते जयगडात."

"तो पिऊन झोपला व्हता. ता वेगळा."

सगळ्या हसल्या. हेही हसले. पण एसटीत बसल्यावर ते म्हणाले, "असं सोडत नाही म्हणाली ती."

तुकडे पुष्कळ झाले होते. सगळं आकाश एकदम असं कुठंच झालं नव्हतं. तेवढी जमीन कुठं नव्हती. शाळेच्या हॉलला शहाबादी फरशी होती. एका फरशीत साधारण एक कागद बसेल, असं त्यांनी मोजून पाहिलं होतं. नाताळच्या सुट्टीत हॉल मिळावा म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांकडे मागणी करून ठेवली होती. घरी रोज रात्री जेवल्यावर टेबलावर बसून ते कोणता कागद कुठल्या फरशीवर, ते लिहीत. अर्धं लिहून झालं होतं.

ते गेल्यावर तेरा दिवस लोक येत राहिले. प्रत्येकजण मला तो वर्गातला क्षण सांगत असे. एक सहशिक्षक म्हणाले, काही कळलंच नाही हो त्यांना, हसत हसत गेले. त्या वर्गातल्या एका मुलीची आई म्हणाली, पाणी मागितलं म्हणे. त्यांची चुलतबहीण तर शाळेच्या वाटेवरही आली नव्हती. ती म्हणाली, शेवटचं तुझंच नाव घेतलं. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. सगळे चांगल्या मनानं सांगत होते. मी ऐकत होते आणि मान हलवत होते. मी सकाळी त्यांना डबा दिला होता, आणि मग दुपारी हॉस्पिटलात पाहिलं होतं. मधलं मी पाहिलेलं नव्हतं. लोक गेले की मला फार थकवा येई. झोप येत नसे, नुसता थकवा.

महिना उलटल्यावर शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आले. ह्यांच्याहून लहान, ह्यांच्याबरोबर एकदोनदा गावोगाव आलेले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"वहिनी, सरांनी हॉल सांगून ठेवला होता. नाताळात. रद्द करायचं का, विचारायला सांगितलंय."

मी टेबलाकडे पाहिलं. कागद तिथंच होते.

"तुम्हाला येईल करता?" मी विचारलं.

"रंगाचं बघेन मी. आकाशातलं मला काही कळत नाही."

"मलाही नाही कळत. पण त्यांनी सांगितलेलं सगळं आठवतंय."

"मग राहू दे म्हणता?"

"राहू दे."

ते गेल्यावर मी खूप वेळ बसून राहिले. मला उत्साह वगैरे काही नव्हता. एकच वाटत होतं. त्यांना ते एकदा सगळं मिळून बघायचं होतं, ते एकदा व्हावं. आणि त्यांनी केलं असतं तसं व्हावं, त्यात कोणी मनचं घालू नये. त्यापलीकडे मला त्या हिवाळ्यात काही नको होतं. कागद-फरश्यांचं अर्धं राहिलेलं वाटप मी त्यांच्याच पेन्सिलीनं पुरं केलं. सोपं होतं. पुस्तकं मांडण्यासारखंच.

काकूंना सांगायला गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि निवडत राहिल्या.

"येईन मी. आळीतल्या बायकाही आणते," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण तू कशी गो बसणार?"

मला कळलं. वर्ष झालेलं नव्हतं. आमच्या दारात रांगोळी बंद होती, आणि माझ्या हातानं तर आता कुठल्याच दारात चालणार नव्हती. कोणी तसं म्हटलं नव्हतं, म्हणावं लागत नाही.

"ती रांगोळी नाही काकू. नकाशा आहे."

"मला ठाऊक आहे. बाकीच्या बायकांना पटेल का?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "असं करू. तू आकडे वाच. हात आम्ही लावतो. नाहीतरी वाचायला कोणीतरी हवंच."

मी बरं म्हटलं. वाईट वाटलं का, ते आता सांगता येणार नाही. वाद घालायला जी शक्ती लागते ती माझ्याकडे नव्हती. आणि काकूंनी खरोखरच वाट काढली होती.

नाताळच्या सुट्टीत ठरल्या दिवशी सकाळी आम्ही हॉलवर गेलो. चित्रकलेच्या शिक्षकांनी फरश्यांवर खडूनं खुणा केल्या होत्या. बायका पदर खोचून ओळीनं बसल्या. शाळेतल्या मोठ्या मुलीही होत्या. मला व्यासपीठाच्या कडेवर खुर्ची दिली. मी वाचायला लागले. दोन, दोन, तीन, दोन, एक. बायकांनी सुरुवातीला फार गडबड केली. कोणी म्हणे हळू, कोणी म्हणे ऐकू आलं नाही. मग लय बसली. त्या मान खाली घालून भरत होत्या आणि मी वाचत होते. मधूनच कोणीतरी म्हणे, "नऊ आला गो, पांढरा इकडं दे," आणि पुडी हातोहात पुढं जाई.

पहिली फट आली तेव्हा मी म्हटलं, "मोकळं. इथून पुढं मोकळं."

"किती?"

"मी सांगेन तोपर्यंत."

"आकाशालाही भोक असतं का गो?" एकीनं विचारलं.

"सोडा, सांगतेय ना ती," काकू म्हणाल्या.

दुपारपर्यंत माझा आवाज बसला. शेवटचे थोडे कागद राहिले होते, ते चित्रकलेचे शिक्षक वाचतो म्हणाले. मला शिक्षकांच्या खोलीत बाकावर जरा पडा म्हणून पाठवलं. ते बाक ह्यांच्या टेबलाला लागून होतं. टेबलावर आता दुसऱ्या कोणाच्या वह्या होत्या. मी डोळे मिटले आणि त्या कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला दिवसा झोप लागली.

उठून हॉलच्या दारात आले तेव्हा काम झालेलं होतं. बायका भिंतीला टेकून चहा पीत होत्या. मी दारात उभी राहिले. हे सांगत ते सगळं तिथं होतं. मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा-तांबडा पट्टा, त्याच्या कडा फाटलेल्या, वरखाली केशरी-पिवळ्याचे धूर, आणि मग हिरवा, मग निळा. कुठंच काही जुळत नव्हतं. ते बघताना मला त्यांची इतकी उणीव भासली की मी चौकट धरली.

मग मी फटी शोधल्या. त्या नव्हत्या.

मी पुन्हा पाहिलं. जिथं फरशी दिसायला हवी होती तिथं रंग होता. दोन्ही बाजूंच्या रंगांना सांधून, निळ्याला निळा आणि हिरव्याला हिरवा लावून, फटी अशा भरल्या होत्या की सांगितल्याशिवाय कळू नये. असा हात आळीत एकाच बाईचा होता.

"काकू," मी म्हटलं.

त्या उठून माझ्याजवळ आल्या. "चांगलं झालंय ना?"

"त्या दोन जागा मोकळ्या सोडायच्या होत्या."

"अगो, बरं दिसत नव्हतं. एवढं सगळं भरलेलं आणि मध्येच दोन चिरा. कोणाच्या दारात अशी अर्धवट टाकतात का? त्याच्या नावानं काढलेलं आहे. त्यात खोट नको म्हणून भरलं मी."

चित्रकलेचे शिक्षक हळूच म्हणाले, "वहिनी, राहू दे. कोणाला कळणार आहे? लोक यायची वेळ झालीय."

खरं होतं. फाटकाशी मुलांचे आवाज येत होते. कोणाला कळलं नसतं. मला माझी शक्तीही कळत होती. एका वाक्याच्या पलीकडे ती जाणार नव्हती. काकूंकडे बघून मला राग येत नव्हता. तेरा दिवस जे लोक आले त्यांचाही आला नव्हता.

मी चप्पल काढली. कडेकडेनं जिथं पाय ठेवायला जागा होती तिथून आत गेले, पहिल्या फटीपाशी बसले आणि पदराच्या टोकानं रंग पुसायला लागले. मागं चहाचा आवाज थांबला. हात बायकांनी लावायचा ठरलं होतं, आणि मी लावला होता. पुसायला लागल्यावर ते माझ्या लक्षात आलं. पुसलेला रंग नीट जात नव्हता, शेजारच्या घरांत शिरत होता. हिरव्यात निळा मिसळून मातकट झाला. मी आणखी पुसलं, ते आणखी पसरलं.

"थांब," मागून काकू म्हणाल्या.

त्या कशाबशा तोल सांभाळत आत आल्या होत्या. हातात वहीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे होते.

"असं पुसशील तर शेजारचं सगळं नासेल. हे दोन्हीकडून उभे धर. घट्ट."

मी पुठ्ठे धरले. त्या मध्ये फुंकर घालत, बोटानं ओढत पूड काढू लागल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. आमची डोकी जवळजवळ टेकली होती.

"त्यानं सांगितलं होतं ना तसं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "खळ्यात. मोकळी सोडा म्हणून."

"हो."

"मी विसरले नव्हते. मला बघवेना."

पहिली फट झाल्यावर आम्ही दुसरीकडे गेलो. ती काढताना भिंतीकडच्या एका बाईनं उठून ओला फडका आणून दिला. फरशी मात्र पूर्वीसारखी स्वच्छ निघाली नाही. तिच्यावर निळसर झाक राहिली. मग कडा मोडल्या म्हणून शेजारची चार घरं पुन्हा भरायची होती. काकूंनी पुडी माझ्याच हातात दिली, आणि कोणीच काही म्हटलं नाही. मी भरली.

लोक आले. बरेच आले, मिरकरवाड्याहूनही काही बायका आल्या होत्या. कडेनं फिरत त्यांनी सगळं पाहिलं. मला भाषण येत नव्हतं. मी एका जागी उभी राहिले आणि जो विचारेल त्याला सांगत गेले. आकाशगंगेबद्दल थोड्यांनी विचारलं. फटींबद्दल जवळजवळ सगळ्यांनी. हे काय, इथं का नाही. मी दर वेळी तेच सांगितलं. दुर्बिणीचा गारवा संपला. ही जागा बघायची राहिली. तिथं काय आहे ते या आकड्यांत नाही. एका लहान मुलीनं विचारलं, मग तिथं काहीच नसेल का? मी म्हटलं, असेल. आपल्याला माहीत नाही एवढंच. ती फटीकडे वाकून खूप वेळ पाहत राहिली, जणू बघितल्यावर दिसेल.

मिरकरवाड्याची ती मावशी माझ्याजवळ आली. तिला ह्यांचं कळलेलं होतं. ती फटीकडे पाहत म्हणाली, "ता बर्फाचा ना?"

"हो."

"सांगितल्यानी व्हता," ती म्हणाली. माझ्या दंडावर तिनं हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि गेली. ह्यांच्या शेवटच्या घटकेबद्दल तिनं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल लग्नाला दिला होता. त्यामुळे संध्याकाळीच झाडायचं होतं. शिपाई मोठा झाडू घेऊन दारात उभा राहिला. त्याला सुरुवात करवेना. मी म्हटलं, करा. सगळे रंग एकत्र झाले की करडी पूड होते. ती एका गोणत्यात भरून मागच्या पेरूच्या झाडाखाली टाकली. काकू आणि मी चालत घरी आलो. चढणीवर त्या दोनदा थांबल्या. मीही थांबले.

नंतर दोन-तीन शाळांनी बोलावलं. मी गेले, एकेक तुकडा काढून दाखवला. मला ह्यांच्यासारखं सांगता येत नसे. आकडे वाचून दाखवी आणि विचारलं त्याचं उत्तर देई. मुलं भरत. दर ठिकाणी कोणीतरी फट भरायला जाई आणि मला नको म्हणावं लागे. पुढं घरोघर टीव्ही आले, त्यात आकाशाची रंगीत चित्रं येऊ लागली. मग कोणी बोलावलं नाही, आणि मीही कोणाला सुचवलं नाही. पिशव्या उचलवतही नव्हत्या.

काकू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ठिपक्यांचा कागद माझ्याकडेच आहे, त्याची भोकं फाटून मोठी झाली आहेत. आकड्यांचे कागद माजघरातल्या कपाटात आहेत. शाई फिकी झाली आहे, पण उजेडात धरलं तर आकडे वाचता येतात. दोन जागी आडव्या रेघा आहेत. उपग्रह अजून वर फिरतो आहे, असं मी वाचलं.